कबड्डीत मानेचा मणका सरकला, भाचा पुन्हा उभा राहील का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, तोही असल्या कारणाने.

माझा भाचा १९ वर्षांचा. कबड्डी खेळतो, चढाईला असतो. पाच आठवड्यांपूर्वी एका सामन्यात तिघांच्या साखळीखालून डुबकी मारायला गेला. मी मैदानाच्या कडेलाच उभा होतो. तो वाकला, डोकं खाली गेलं आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला गडी त्याच्या पाठीवर आला. टाळू मातीत आपटली. हात मध्यरेषेकडे लांबवलेला तसाच राहिला, पण बोटं हलेनात. "मामा, माझे पाय कुठायत?" हे त्याचं पहिलं वाक्य.

पुढे जे झालं ते लिहायला हात जड होतोय, पण लिहितो, कारण दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल. आम्ही चौघांनी त्याला काखेत हात घालून उचललं, पाणी पाजलं आणि जीपमध्ये बसवून नेलं. बसवून! त्याची मान एका बाजूला कलत होती आणि मी ती हाताने सावरत होतो. पहिल्या दवाखान्यात "झटका बसलाय, सकाळपर्यंत उतरेल" म्हणून सलाईन लावलं. रात्री उशिरा मोठ्या गावी हलवलं, एमआरआय झाला. मानेचा पाचवा मणका सहाव्यावर सरकलेला, मज्जारज्जू दाबला गेलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन करून पुढून पट्टी आणि स्क्रू बसवले.

आजची स्थिती अशी: खांदे उचलतो, कोपर वाकवतो, पण सरळ करता येत नाही. उजवं मनगट किंचित वर येऊ लागलंय. बोटं नाहीत, पाय नाहीत. मात्र तळपायाला टाचणी लावली की डोळे मिटलेले असतानाही "उजवा", "डावा" बरोबर सांगतो. फाईलवर "एएसआयए बी" असं लिहिलंय.

सर्जन म्हणतात वेळ द्या. पाहुणे येतात ते कुणाचा तरी चुलतभाऊ सहा महिन्यांत पळायला लागल्याचं सांगून जातात. आणि माझी बहीण रात्री त्याचा पाय उडाला की सगळ्या घराला उठवते, "हलला, हलला!" ही सुधारणा आहे का? त्याच्या नशिबात काय आहे, हे कुणी नीट सांगेल का?

निशिगंध

वाचून पोटात गोळा आला. तुमच्या बहिणीला धीर द्या. आपल्या सांगलीकडचेच मुरलीकांत पेटकर आठवले. पेठ गावचे, सैन्यात बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यातच राहिली. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण आणलं. भाच्याला नक्की सांगा.

स्पर्शिका

कृष्णाकाठ दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. मज्जारज्जूच्या रुग्णांसोबतच माझं काम. भाच्याला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून बोलते.

आधी ताईंचं, कारण हा प्रश्न मी जवळपास प्रत्येक आईकडून ऐकते. रात्री पाय उडतो त्याला आम्ही स्पॅझम म्हणतो. दुखापतीच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, फक्त मेंदूचा त्याच्यावरचा ताबा सुटलेला असतो. चादर घासली, मूत्राशय भरलं की तो आपला आपण पाय झटकतो. ही सुधारणा नव्हे. ताईंना एक कसोटी द्या: "अंगठा वर कर" म्हणायचं, मग "सोड" म्हणायचं. सांगितल्यावर झालं, सांगितल्यावर थांबलं, असं लागोपाठ तीनदा घडलं तर तारीख घालून वहीत लिहायचं. ही वही ठेवाच. मनात आशा आणि भीती रोज भांडत असतात, वहीत काय ते स्पष्ट दिसतं.

आता 'बी'चा अर्थ. दुखापत किती पूर्ण आहे ते सांगणारी ए ते ई अशी श्रेणी असते. सगळ्यात खालच्या, त्रिकास्थीच्या नसांपर्यंत काहीच पोचत नसेल तर ए, म्हणजे पूर्ण दुखापत. म्हणूनच गुदद्वाराजवळची संवेदना तपासतात. घरच्यांना आणि पोरांना त्याची फार लाज वाटते, पण पुढचं सगळं अनुमान त्या अर्ध्या मिनिटाच्या तपासणीवर उभं असतं. बी म्हणजे तिथवर संवेदना पोचते, ताकद पोचत नाही. सी म्हणजे हालचाल आहे, पण खालचे निम्म्याहून जास्त स्नायू स्वतःचं वजन उचलू शकत नाहीत. डी म्हणजे किमान निम्मे उचलतात. ई म्हणजे तपासणीत सगळं पूर्ववत.

ए वाल्यांपैकी फार थोडे पुढे चालतात. सी आणि डी मधले तरुण बहुतेक करून चालतात. बी मधोमध आहे, आणि तिथे तुम्ही लिहिलेली टाचणी महत्त्वाची. कापसाचा स्पर्श आणि टाचणीची टोच मज्जारज्जूतून वेगवेगळ्या वाटांनी वर जातात. टोचेची वाट ही पायांना हुकूम नेणाऱ्या वाटेच्या शेजारून जाते. ती शाबूत असेल तर शेजारणही थोडीफार वाचली असण्याची शक्यता वाढते. म्हणून टोच कळणारा बी हा नुसता स्पर्श कळणाऱ्या बी पेक्षा बऱ्या जागी असतो. वय १९ हेही त्याच्या बाजूने.

सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, नंतर मंदावते, पण दीड-दोन वर्षांपर्यंत काही ना काही परतू शकतं. मानेच्या दुखापतीत बऱ्याचदा एक पायरी खालचे स्नायू परत येतात. ऐकायला हे फारच थोडं वाटतं. पण कोपर वाकवणाऱ्या पायरीवरून मनगट उचलणाऱ्या पायरीवर येणं म्हणजे दुसऱ्याने भरवण्यापासून स्वतः जेवण्यापर्यंत येणं.

आणि एक कळकळीची विनंती. घरी कुणी तेल लावून त्याची बोटं सपाट ताणत असेल तर आजच थांबवा. मनगट वर केलं की सैल बोटं आपोआप मिटतात, खाली सोडलं की उघडतात. बोटांत जोर नसतानाही याच युक्तीने चमचा, पेला, फोन धरता येतो. त्यासाठी बोटांचे स्नायुबंध थोडे आखूडच राहायला हवेत. मनगट आणि बोटं एकाच वेळी मागे ताणली तर ही पकड कायमची जाते. मायेपोटी घालवलेल्या पकडी मी पाहिल्या आहेत.

वाकडीवाट

मी ११ वर्षांपूर्वी उन्हाळ्यात विहिरीत सूर मारला. दरवर्षी मारायचो तीच विहीर. त्या साली पाणी किती खाली गेलंय ते पाहिलं नाही. मानेचा सहावा मणका. तेव्हापासून खुर्चीत आहे, आता लेखापालाचं काम करतो.

निशिगंध, पेटकरांबद्दल मला अपार आदर आहे. पण दुसऱ्या महिन्यात नका सांगू. मला माझ्या काकांनी दवाखान्यात एका पदकविजेत्याची गोष्ट सांगितली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. अंगावरची माशी हाकलता येत नव्हती आणि समोरचा माणूस पदकाचं बोलत होता. वर्षभराने मीच फोनवर शोधून पेटकरांविषयी वाचलं, रात्री दोनपर्यंत. पोरगा विचारेल तेव्हा सांगा.

कृष्णाकाठ, चालणं होईल न होईल. मधल्या काळात त्याला जिवंत आणि धडधाकट ठेवणं तुमच्या हातात आहे.

कातडी. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, गजर लावून. खुर्चीत बसायला लागला की दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे झुकवून बुडावरचा भार काढा. माकडहाड, टाचा, घोटे रोज आरशाने बघा. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या बाजूला झोपवणं बंद. मी एका लग्नाला सलग सहा तास बसलो. नाण्याएवढी जखम झाली आणि पाच महिने पालथा पडून काढले.

लघवी. कायमची नळी जितकी लवकर निघेल तितकं बरं. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून रिकामं करायचं तंत्र शिकून घ्या. मूत्रपिंडं त्यावर टिकतात.

तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. एका रात्री अचानक डोकं फुटेल असं दुखलं, चेहरा लाल, मानेवर घाम, नाक चोंदलं. रक्तदाब भयानक चढलेला. कारण? नळी मांडीखाली मुडपली होती आणि मूत्राशय तुडुंब भरलं होतं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखापत असेल तर हे कधीही होऊ शकतं. असं झालं तर त्याला लगेच उठवून बसवा, पट्टे आणि कपडे सैल करा, नळी बघा, पोट साफ झालंय का बघा. रक्तदाब उतरला नाही तर थेट दवाखाना. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवं, आणि एका कागदावर लिहून पलंगाशी लावा, कारण सगळ्या डॉक्टरांनाही हे लगेच सुचत नाही.

गोरेगावकर

गोविंदा पथकात पोरांना शिकवतो. दादा, तुम्ही उचलल्याचं लिहिलंत त्याबद्दल स्वतःला खात बसू नका. आमच्याकडेही पडलेल्या पोराला खांद्यावर टाकून पळायचीच रीत होती. २०१४ साली उच्च न्यायालयाने थरांची उंची आणि पोरांची वयं यावर बोट ठेवलं तेव्हा पथकांना राग आला होता. २०२२ ला सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला, विम्याची चर्चा झाली. पण विमा मणका सांधत नाही. म्हणून आम्ही पथकातच पाच जण तयार केलेत.

पडलेला म्हणाला "मुंग्या येतात", "पाय जड झालेत", किंवा मान दुखते, तर त्याला या पाचांशिवाय कुणी हात लावायचा नाही. एक जण डोक्याशी गुडघ्यावर बसतो, दोन्ही हातांनी डोकं जसं आहे तसं धरतो आणि तोच हुकूम देतो. बाकीचे खांदा, कंबर, पाय धरतात. "एक, दोन, तीन" वर पूर्ण अंग ओंडक्यासारखं एकदम वळवायचं आणि पाठीखाली फळी सरकवायची. डोकेवाला शेवटपर्यंत डोकं सोडत नाही. पाणी पाजायचं नाही, बसवायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि 'मानेला मार' हे शब्द उच्चारायचे. दर रविवारी सरावानंतर दहा मिनिटं हेच करतो.

तीननद्या

मी अमेरिकेत, पिट्सबर्गला असतो. इथला रायन शेझियर, अमेरिकन फुटबॉलमधला बचावपटू. ४ डिसेंबर २०१७ ला डोकं खाली घालून समोरच्याला भिडला आणि मैदानावरच पाय गेले. लगेच मणका स्थिर करण्याचं ऑपरेशन. एप्रिल २०१८ मध्ये तो आधार घेत मंचावर चालत आला तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी काम सोडून तो व्हिडिओ पाहिला. पुढच्या वर्षी स्वतःच्या लग्नात नाचला. मैदानात मात्र परत आलाच नाही, २०२० ला निवृत्ती जाहीर केली.

त्याच खेळातला मार्क बुओनिकॉन्टी. १९८५ साली कॉलेजच्या सामन्यात मान गेली. तेव्हापासून चारही अवयव निकामी. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांसोबत मायामीत संशोधन संस्था उभी केली, ती आजही चालू आहे. धडपडीत दोघांपैकी कुणी कमी पडलं असं नाही. पहिल्या तडाख्यात किती धागे तुटले आणि किती नुसते चेंगरले, फरक तिथे पडतो. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण इकडे "ही नेव्हर गेव्ह अप" असल्या बातम्या वाचून जे उठू शकत नाहीत त्यांना आपणच कुठे कमी पडलो असं वाटतं.

आणखी एक. ताठ मान धक्का पेलते, कारण तिला मागे वळण असतं. डोकं थोडं खाली झुकवलं की ते वळण सरळ होतं आणि टाळूवरचा सगळा भार सरळ मणक्यांवर येतो, मध्ये काही लवतच नाही. इथल्या डॉक्टरांनी हे दाखवून दिल्यावर १९७६ ला डोक्याने भिडण्यावर शालेय आणि कॉलेजच्या खेळात बंदी आली. त्या हंगामात कायमचे पांगळे झालेले ३४ खेळाडू नोंदले गेले होते, १९८४ च्या हंगामात ५. एका नियमाने एवढी पोरं वाचली. कबड्डीच्या डुबकीचंही कुणीतरी असं बघायला हवं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे हात जोडून आभार. बोटं ताणणं थांबवलं. बहीणच रोज करत होती, वाचून दाखवल्यावर रडली, मग वही आणली. गजर लावलेत, मी आणि दाजी पाळीने उठतो.

आता नवीन पेच. एक माणूस दवाखान्यात भेटून गेला. स्टेम सेलची पाच इंजेक्शनं, "तीन महिन्यांत फरक, नाहीतर विचारा". आकडा लाखांत आहे. दाजी अर्धा एकर ऊस विकायला निघालेत. थांबवू का? थांबवलं आणि खरंच त्याने फरक पडणार असला तर?

स्पर्शिका

थांबवा. आजच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: रक्ताच्या ठराविक विकारांतलं मूळपेशी (स्टेम सेल) प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतं. मज्जारज्जूची दुखापत त्या 'बाकी'त येते. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. त्या माणसाला विचारा, चाचणीचा नोंदणी क्रमांक काय आणि पैसे कशाचे? तीन महिन्यांत फरक दिसेलही, कारण हे महिने निसर्गतःच सुधारणेचे आहेत. श्रेय इंजेक्शनला जाईल आणि ऊस जाईल. ते पैसे मुक्कामी पुनर्वसनाला, चांगल्या गादीला, मापाच्या खुर्चीला ठेवा.

खरं संशोधनही सांगते, म्हणजे मी नुसती दारं बंद करतेय असं वाटायला नको. रॉब समर्स नावाचा बेसबॉल खेळाडू, २००६ साली गाडीने उडवला, छातीखाली पूर्ण लुळा. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या संशोधकांनी २००९ मध्ये त्याच्या मज्जारज्जूच्या आवरणावर विद्युत पट्टी बसवली. प्रवाह चालू असताना तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला. २०११ ला ते प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली. पुढे स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये डेव्हिड म्झी हा जिम्नॅस्टिक्समध्ये जायबंदी झालेला तरुण अशाच उपकरणावर आणि खडतर सरावावर काही पावलं टाकू लागला, ते २०१८ ला छापून आलं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हातांची ताकद आणि संवेदना वाढवण्यासाठी त्वचेवरून प्रवाह देणाऱ्या एका यंत्राला परवानगी मिळाली, त्याला ऑपरेशन लागत नाही. या सगळ्यांत प्रवाह एकटा काही करत नाही, सोबत महिनोन्‌महिने व्यायाम असतो. उद्या ते इथे आलं तर ज्याचे सांधे मोकळे, कातडी शाबूत आणि हाडं भक्कम त्यालाच उपयोग. तोपर्यंत भाच्याचं शरीर त्यासाठी सांभाळून ठेवणं, हेच आजचं औषध.

वाकडीवाट

आम्ही दोन एकर विकली होती. एवढंच लिहितो.

कृष्णाकाठ

(चार महिन्यांनंतर)

धागा वर काढतोय, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

ऊस उभा आहे. तीन महिने पुनर्वसनात ठेवला. वहीत एका पानावर बहिणीच्या अक्षरात लिहिलंय: "उजव्या पायाचा अंगठा. सांगितल्यावर वर. सोड म्हटल्यावर खाली. तीनदा." फिजिओबाईंना वही दाखवली, त्यांनी तपासलं, फाईलवर आता सी आहे. उजवी मांडी आवळता येते, डावा पाय अजून गप्प. समांतर दांड्यांत गुडघ्याला पट्टे बांधून चार मिनिटं उभा राहतो, मग चक्कर येते. डॉक्टर म्हणाले घरातल्या घरात काठीने चालण्यापर्यंत येऊ शकेल, कदाचित, आणि बाहेर खुर्ची लागेल. हे त्यालाच समोर बसवून सांगितलं. दोन दिवस बोलला नाही.

मनगटाची पकड आली. परवा स्टीलचा पेला दोन्ही मनगटांत धरून चहा प्यायला. पहिल्यांदा निम्मा अंगावर सांडला, बहीण पुसायला धावली तर म्हणाला, "थांब गं आई, अजून आहे."

काल त्याने स्वतः विचारलं, हात पण गेलेल्यांसाठी काही खेळ असतो का. मी व्हीलचेअर रग्बीबद्दल वाचून ठेवलं होतं, कॅनडात विनिपेगला १९७७ मध्ये अशाच खेळाडूंनी सुरू केलेला, आता पॅरालिम्पिकमध्ये आहे. खुर्च्या एकमेकींवर आदळतात हे ऐकून विचारलं, "पकड असते का त्यात?" मग पेटकरांचंही सांगितलं. वाकडीवाट, तुमचं ऐकून थांबलो होतो.

आमच्या संघाकडे आता फळी आणि मानेची कॉलर आहे. गोरेगावकरांची पद्धत पोरांना शिकवली, डोक्याशी मी बसतो.

आता घरी आणायचाय. दार २६ इंच, खुर्ची २५. उंबरा चार इंच, अंगण दोन पायऱ्या खाली. दोन्ही मिळून अठरा इंच होतात. न्हाणीघराचं तर काही सुचतच नाही. कुणी केलंय का?

वाकडीवाट

केलंय. २६ चं दार चालणार नाही, हात सोलून निघतील. ३२ इंच मोकळी जागा हवी, चौकट बदला. उंबरा काढूनच टाका. मग राहतील १४ इंच. एक इंच चढाला बारा इंच लांबी, म्हणजे १४ फुटांचा उतार. अंगणात सरळ बसत नसेल तर मध्ये सपाट जागा सोडून वळवा. कडेला दोन इंचाची कड ठेवा, चाक घसरत नाही. न्हाणीत फरशी खरबरीत, आणि गरम पाणी आधी तुमच्या हातावर बघा, त्याला पायाला भाजलेलं नीट कळणार नाही.

अंगणाचं माप आणि न्हाणीचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी फोनवर बसून आखू.